जिन्यात टांगलेली वेबसाइट

मी आजवर जेवढी माणसं पाहिली त्यांत आमचे सर सगळ्यात भित्रे. टिंगल करत नाही, होतेच ते भित्रे. लातूरच्या ट्युशन एरियात क्लासवाले चौकाचौकात स्वतःचे हात जोडलेले फोटो लावत होते, निकाल लागला की एका दिवसात नवे बोर्ड उभे राहत होते, अन् त्याच काळात या माणसाला वेबसाइटवर कुणाचं नुसतं नाव टाकायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. खराखुरा घाम. रुमालानं मान पुसायचे, चष्मा काढायचे, परत लावायचे अन् विचारायचे, "मॅडम, हे आणखी कोण वाचणार?"

"पालक वाचणार, सर."

"ते झालं. आणखी कोण?"

"विद्यार्थी."

"हाव. आणखी?"

या 'आणखी'ला शेवट नसायचा. मी मनातल्या मनात दात-ओठ खायची. मी बावीस वर्षांची, मुदखेडहून आलेली, वेब डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स करून स्वतःला फार मोठी कलाकार समजणारी. मला उडणारी अक्षरं पाहिजे होती, फिरणारे गोल पाहिजे होते. अन् नशिबी आला हा माणूस, जो कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी खिडकीतून खाली बघायचा की कुणी नोटीस-बिटीस घेऊन तर येत नाही ना.

मला 'मॅडम' म्हणणारा पहिला माणूस मात्र तोच. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. चहावाल्याला करायचे, जिन्यात येऊन झोपणाऱ्या कुत्रीलासुद्धा "अहो, जरा सरका" म्हणायचे. तसे ते सर नव्हतेच. कुठल्या शाळेत एक तासही शिकवलं नव्हतं. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे, लग्नपत्रिका अन् निकालाची पत्रकं छापायचे. मग कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचे दिवस आले, मग इंटरनेट आलं, अन् ते शिकत शिकत इथवर आले. लातुरात चष्मा लावून खुर्चीत बसणारा कुणीही सर होतो, तसे हे झाले.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पोरांची खानावळ. त्यामुळं दिवसभर जिन्यात वर्दळ. भाजीच्या वासावरून आम्हाला किती वाजले ते कळायचं. या जिन्याचा सरांनी जो उपयोग केला, तो जगात दुसऱ्या कुणी केला नसेल.

वेबसाइट तयार झाली की ती इंटरनेटवर जायच्या आधी जिन्यात जायची. एकेका पानाची प्रिंट काढायची, भिंतीला नायलॉनची दोरी बांधायची अन् कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सगळी पानं ओळीनं टांगायची. आठ दिवस. सर जिन्याच्या वळणावर स्टुलावर बसायचे अन् जेवायला चाललेल्या एखाद्या पालकाला अडवायचे. "अहो काका, जरा तकलीफ देतो. अकरावीची बॅच कवा सुरू होती ते तुम्हाला बघायचंय असं समजा. कुठं दाबाल? बोट ठेवा बरं." काका बिचकत कागदावर बोट ठेवायचे. तिथं दाबल्यावर जे पान यायचं असेल, त्या पानापुढं सर त्यांना हाताला धरून न्यायचे. मग परत, "आता कुठं दाबाल?" असं करत करत माणूस वरच्या मजल्यावर पोचायचा, अन् सर वहीत लिहायचे: 'जळकोटचे गृहस्थ. तीनदा मालकाच्या फोटोवर बोट. वाटलं, फोटो दाबला की मालक बोलतील.'

मग मला आत बोलावणं. "मॅडम, तुमची हुशारी दिसून राहिली. बॅच दिसून नाही राहिली." की माझी उडणारी अक्षरं गेली. हिरव्यावर पिवळं गेलं. पान उघडल्याबरोबर वाजणारी सनई गेली, जिच्यासाठी मी दोन दिवस घातले होते. "माणूस कॅफेत बसलेला असतो मॅडम, शेजारी लोकं असतात. एकदम वाजलं की ते घाबरतं अन् बंद करून टाकतं." समोरचा माणूस घाबरेल, हेच सरांचं पालुपद.

बटनाचं तर विचारूच नका. फॉर्मच्या खाली सगळं जग 'सबमिट' लिहितं. सरांनी लिहिलं, 'हे दाबलं की तुमचा नंबर क्लासला जाईल. क्लासवाले फोन करतील.' क्लासचे मालक तणतणत आले. "सर, असं लिहिल्यावर कोण दाबंल?"

"ज्याला फोन पाहिजे तो दाबंल."

एकानं फोटो आणले, कुठल्या तरी गोऱ्या पोरापोरींचे, हिरवळीवर पुस्तकं घेऊन हसणारे. इंटरनेटवरून उचललेले. सरांनी ते टेबलावर पालथे ठेवले. "ज्यानं काढले त्याला विचारलं का?" दुसऱ्या दिवशी स्वतः कॅमेरा घेऊन त्या क्लासला गेले अन् खऱ्या पोरांचे फोटो काढून आणले. एकही पोरगं हसत नव्हतं. चाचणी परीक्षा चालू होती.

अन् प्रत्येक फोटोमागं एक कागद. गुणवंतांच्या पानावर जे पोरगं येणार, त्याची सही पाहिजे. बापाची सही तर कुणीही आणतं, सर म्हणायचे, आईची आणा. आयांच्या सह्यांची एक जाडजूड फाइल होती, त्यात निम्मे अंगठे. एक क्लासवाले तर चिडून म्हणाले, "अहो, याच पोरीचा फोटो मी चौकात लावलाय, सगळं लातूर बघून राहिलं. तवा कुणी कागद मागितला नाही."

"बोर्ड पावसात फाटतो, मालक," सर म्हणाले. "हे फाटत नाही. अन् बोर्ड बघायला लातूरला यावं लागतं."

मला हे सगळं खामखा वाटायचं. जग कुठं चाललंय अन् हे अंगठे गोळा करून राहिले!

आता मूळ गोष्टीकडं येते. टाळून टाळून किती टाळणार.

आमचं निम्मं काम एका मोठ्या क्लासचं होतं. त्याच्या मालकांना एक कल्पना सुचली, अन् कल्पना खरोखर चांगली होती, आजही म्हणते. आपल्याकडं बाप पोरगं क्लासला घालताना निकाल मागाहून बघतो. आधी विचारतो, "आपल्या गावचं कोण हाय तिथं?" गावचं एक जरी पोरगं असलं की बाप बिनघोर. तर मालक म्हणाले, वेबसाइटवर एक पान करा, 'तुमच्या गावचे विद्यार्थी'. तालुका निवडायचा, गाव निवडायचं, की त्या गावची सगळी पोरं समोर. नाव, बॅच, रूमचा पत्ता, घरमालकाचा फोन. म्हणजे नव्या पालकाला जाऊन भेटता येईल.

हे ऐकताना मालकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं होतो. सरांनी रुमाल काढला. मला वाटलं, झालं, आता 'आणखी कोण' सुरू. पण ते वेगळंच बोलले.

"मालक, भूकंपात मी याद्या लिहीत होतो. किल्लारीकडच्या एका छावणीत. अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं. आई-बाप गेलेल्या लेकरांची यादी. नाव, वय, गाव, कोणत्या तंबूत हाय. शाळेच्या भिंतीला चिकटवली, का तर नातेवाइकांना लेकरू सापडावं. सापडलं की. एक बाई आली, यादीवर बोट ठिवून म्हणली, ही माझ्या भावाची लेक. रडत होती. मीच पोरीचा हात तिच्या हातात दिला." मग थांबून म्हणाले, "दोन दिसांनी खरी आत्या आली."

मालकांनी विचारलं, "मग?"

"मग काय. यादी मी मोठ्या अक्षरात लिहिली होती. कुणालाबी वाचता येत होती."

मालकांनी समोरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "सर, ते भूकंपाचं येगळं." बोलणी होऊन ठरलं की नावं टाकायची नाहीत, नुसता आकडा टाकायचा. 'तुमच्या गावचे चार विद्यार्थी', एवढंच. परत येताना रिक्षात मी मनात म्हणाले, कुठला भूकंप अन् कुठली वेबसाइट! भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. आमच्या मुदखेडला फक्त मांडणीवरची भांडी वाजली होती.

त्या उन्हाळ्यात सरांच्या बहिणीचं नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सर चार दिवस गेले. जाताना किल्ली माझ्याकडं दिली अन् म्हणाले, "जिन्यात टांगल्याशिवाय नेटवर काही चढवू नका."

सोमवारी सकाळी मालकांचा फोन. "मॅडम, ते गावाचं पान नावांसकट टाका. निकाल तोंडावर आलाय. सरांशी बोलणं झालंय माझं."

सरांना एक फोन लावला असता तर खरं-खोटं तिथंच कळलं असतं. मी लावला नाही. खरं सांगते, मला खरं-खोटं करायचंच नव्हतं. ते पान मी सरांना न सांगता आधीच तयार करून ठेवलं होतं. पांढरं स्वच्छ, मोठी अक्षरं, कुठं काही उडत नाही, कुठं काही वाजत नाही. सरांनी जे जे शिकवलं होतं ते सगळं त्यात होतं. तालुका दाबा, गाव दाबा, संपलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. क्लासकडून आलेली यादी मी त्यात भरली अन् खाली बारीक अक्षरांत माझं नाव अन् ऑफिसचा पत्ता टाकला, हौस म्हणून. आठ दिवस जिन्यात टांगायला वेळ कुठला? चढवून दिलं.

परवानगीचं म्हणाल तर तीही होती. प्रवेशाच्या फॉर्मवर शेवटची ओळ होती, 'माहिती प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नाही.' मागच्या वर्षी मालकांच्या सांगण्यावरून मीच टाइप केली होती, बसत नव्हती म्हणून सगळ्यात बारीक अक्षरांत. त्या ओळीखाली सगळ्या आया-बापांच्या सह्या होत्या.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास एक गृहस्थ वर आले. पन्नाशीचे, पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध, एका हातात पितळी डबा अन् दुसऱ्या हातात प्रिंटचा कागद. माझ्याच पानाची प्रिंट.

"रामराम ताई. हे तुम्हीच बनवलं काय?"

"हाव काका."

"लई सोपं केलंय बघा. मला काय त्यातलं कळत न्हाई. भोकरला कॅफेवाल्यानं तालुका दाबला, गाव दाबलं, दोन मिनटात पोरगी समोर!"

काय सांगू, मला इतका आनंद झाला! माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. सर असते तर म्हणाले असते, काकांचं बोट कुठं अडलं ते विचारा.

काका म्हणाले, "पुतणी हाय माझी. पण ह्या पत्त्यावर गेलो तर रूम बदलली म्हणते घरमालकीण. खाली तुमचा पत्ता दिसला म्हणून आलो. तिच्या आईनं डबा दिलाय. गार होऊन राहिला."

"रूमवर कशाला जाता काका?" मी म्हणाले. "तिची बॅच पाचला सुटते. मोठ्या गेटला जाऊ नका, तिकडून पोरं सुटतात. मागच्या गल्लीत हिरवं गेट आहे, मुली तिकडून निघतात. तिथं उभे राहा."

"तुमच्या तोंडात साखर पडो, ताई."

तेवढ्यात सर आले, थेट स्टँडवरून, खांद्याला पिशवी. टेबलावरचा कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला. नाव, बॅच, पत्ता. मान पुसली. माझ्याकडं बघितलंच नाही. काकांना म्हणाले, "बसा, बसा. उन्हातून आलात. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." चहा आला. कप ठेवायला जागा करायची म्हणून सरांनी डबा उचलला अन् हात क्षणभर तसाच राहिला. मग डबा हळूच खाली ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "बँकेचं ते काम राहिलं. बंद व्हायच्या आत जाऊन या." अन् एका कागदावर काही लिहून, घडी घालून माझ्या हातात दिलं.

मी जिन्यात घडी उघडली. 'डबा रिकामा आहे. पोरीला गेटबाहेर येऊ देऊ नका.'

जिन्याचा कठडा धरून मी खाली उतरले. वरून सरांचा आवाज येत होता, "अहो, तुम्ही कसं शोधलं ते मला दाखवा बरं. पहिल्यांदा कुठं दाबलं? बोट ठेवा." ते त्याला बोलण्यात गुंतवून ठेवत होते. मी पळत सुटले. क्लास सुटायच्या वेळी त्या गल्ल्यांतून सायकलींशिवाय काही दिसत नाही. लोक बघत होते, कुणीतरी "ओ ताई, सांभाळून" म्हणालं. मला एकच दिसत होतं, हिरवं गेट. मीच सांगितलेलं.

पोहोचले तेव्हा पावणेपाच. शिपायानं पोरीला वर्गातून उठवून आणलं. सतराची असेल, बारीक अंगाची, हातात पेन तसंच उघडं. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर मॅडम त्याच इमारतीत वर राहायच्या. तिला त्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं अन् सांगितलं, "तुझे काका आलेत."

तिनं पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, "लई गोड बोलत होते का?"

मी मान हलवली. पोरगी भिंतीला टेकली अन् खाली बसली. हळूहळू तिच्या तोंडून निघालं ते एवढं. वडील वारलेले. दहावी झाल्याबरोबर चुलत्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं, दुप्पट वयाच्या माणसाशी. आईनं सगळ्यांना सांगितलं की पोरगी हैदराबादला मावशीकडं गेली, अन् गुपचूप तिला लातूरला आणून क्लासला घातलं. वर्ष झालं होतं. गावात कुणालाही मालूम नव्हतं. "आईनं फॉर्मवर खरं गाव लिहिलं," ती म्हणाली. "खोटं लिहिलं तर डॉक्टर होऊ देत नाहीत म्हणली."

पाच वाजले. खोलीच्या खिडकीतून मागची गल्ली दिसत होती. जीप उभी होती. काका अन् त्यांच्याबरोबर दोन तरणे गडी बरोब्बर हिरव्या गेटपाशी उभे. सरांनी त्यांना रोखता येईल तेवढं रोखलं होतं, पण त्या माणसाला वेळ पाठ होती. घंटा झाली अन् मुली निघाल्या. आपल्याकडं उन्हामुळं मुली तोंडाला स्कार्फ बांधतात, डोळे तेवढे दिसतात. ते तिघं एकेकीच्या डोळ्यांत बघत होते. तेवढ्या उंचीची एक पोरगी आली तशी त्यातल्या एकानं हात घालून तिचा स्कार्फ खाली ओढला.

ती किंचाळली ती अजून माझ्या कानात आहे. माझ्या शेजारी ही पोरगी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती. मग आरडाओरडा झाला, वॉचमन पळत आला, पोरं जमली अन् जीप धूळ उडवत निघून गेली. गल्लीच्या टोकाकडून सर चालत येताना दिसले. त्यांना पळता येत नव्हतं, तरी ते पळायचं बघत होते.

त्याच संध्याकाळी रेक्टर मॅडमनी पोरीला दुसरीकडं हलवलं. कुठं ते मी विचारलं नाही. विचारणार होते, तर सर म्हणाले, "तुम्हाला कळलं तर तुम्हीबी एक यादी झालात, मॅडम."

ऑफिसला परत येताना जिन्याच्या वळणावर ते थांबले. माझ्याकडं बघून विचारलं, "पत्ता पानावर होता. गेट अन् वेळ पानावर नव्हती. ती तुम्ही सांगितली का?"

मी म्हणाले, "नाही सर."

"बरं," ते म्हणाले, अन् वर गेले.

पान आम्ही त्याच मिनिटाला काढून टाकलं. वाटलं, सुटलो. सरांनी सहज म्हणून सर्चमध्ये गावाचं नाव टाकलं, तर पान परत समोर! आमच्याकडून गेलं होतं, पण सर्चवाल्यांकडं त्याची नक्कल राहिली होती. तिचं नाव, बॅच, घरमालकिणीचा फोन, सगळं. काढून टाका म्हणून अर्ज पाठवला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर आहे. तिसऱ्या दिवशी, आहे. सर जेवत नव्हते. दर तासाला तेवढंच बघायचे. पोरीचं नाव मात्र त्यांनी एकदाही टाइप केलं नाही, मलाही करू दिलं नाही. फक्त गाव टाकायचे. बारा दिवस ते पान मेलं नाही. त्या बारा दिवसांत भोकरच्या कोणत्या कॅफेत कोण बसलं असेल, याचाच विचार मी रात्रंदिवस करत होते.

मालक वकिलाला घेऊन आले. वकिलानं फॉर्मवरची बारीक ओळ दाखवली अन् सांगितलं, "सह्या आहेत. कायद्यानं आपण बरोबर आहोत." सरांनी भिंग घेऊन ती ओळ वाचली अन् म्हणाले, "हाव. कायद्यानं."

पण जिचा स्कार्फ ओढला त्या मुलीच्या वडलांनी पोलिसांत तक्रार दिली होती. चुलत्याला भोकरहून आणलं, दम दिला, लिहून घेतलं. अन् साहेबांनी आम्हाला बोलावून विचारलं, "ह्या लोकांना नेमकं गेट अन् नेमकी वेळ कुणी सांगितली? ज्यानं सांगितली त्यानं लिहून द्या."

पुढं काय झालं ते आधीच सांगते. त्या कागदामुळं कुणी तुरुंगात गेलं नाही, पण कागदातलं वाक्य ट्युशन एरियात फुटलं. 'हा माणूस पोरींच्या वेळा सांगतो' असं लोक म्हणायला लागले. आयांचे अंगठे गोळा करणाऱ्या माणसाबद्दल! जिन्यातून वर जाणाऱ्या मुली सरांना बघून भिंतीकडं सरकायच्या. तीन महिन्यांत एकेक करून सगळे क्लास गेले. सर नांदेडला बहिणीकडं गेले, परत लग्नपत्रिका करायला लागले अन् तिथंच वारले. लातूर सोडताना त्यांनी मला एक पत्र दिलं होतं, 'या मॅडम विश्वासू आहेत', ज्यावर मला पुण्याच्या कंपनीत पहिली नोकरी लागली. त्या पोरीचं काय झालं, मला माहिती नाही. डॉक्टर झाली असेल तर तिचं नाव दोन मिनिटांत सापडेल. माझा धीर होत नाही.

तर त्या कागदाची गोष्ट. सरांनी स्टॅम्प पेपर आणला. त्यांना कागद कसा पक्का लागायचा. मला म्हणाले, "मॅडम, तुमचा हात चांगला बसलाय. मी सांगतो, तुम्ही टाइप करा." मी बसले. त्यांनी नाव, वय, पत्ता सांगितला. पान कधी चढलं ते सांगितलं, अन् ते 'माझ्या देखरेखीखाली' चढलं असं स्वतःविषयी घातलं. मग खिडकीकडं गेले. पाठ माझ्याकडं.

"लिहा. सदर इसमास क्लास सुटण्याची वेळ व मुलींचे गेट..." ते थांबले. माझी बोटं थांबली. त्यांना ठाऊक होतं. चहा पिता पिता तो माणूसच बोलला असणार, ताईंनी सांगितलं म्हणून. "...मी स्वतः सांगितले," सर म्हणाले.

ते वळले नाहीत. घाई केली नाही. मला बोलायला जागा ठेवून उभे राहिले, चांगली दोन-चार मिनिटं. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. वर ताटं वाजत होती. मी घाबरले होते. पोलिसांना घाबरले, मुदखेडला कळेल म्हणून घाबरले, नोकरीला घाबरले. मग मी ते वाक्य टाइप केलं. एक अक्षर चुकवलं नाही.

प्रिंट निघाली. त्यांनी चष्मा लावून वाचली, सही केली अन् पेन माझ्यापुढं धरलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.